संपाचं एक वाक्य

रविवारच्या बोटीतून माणसं उतरायला लागली की हात्सुएची नजर आधी त्यांच्या बुटांकडे जायची. चांगले जाड तळव्याचे, डोंगर चढायला घेतात तसले बूट. तिचे गुडघे आता सपाट धक्क्यावर चालायलाही कुरकुर करत. तरी नगरपालिकेनं दिलेली वाटाड्याची पिवळी पट्टी दंडावर चढवून ती उभी राहायची, कारण तोबिसे बेटावर आता हे काम करण्याजोगं दुसरं कुणी उरलं नव्हतं. कोळशाची खाण बंद झाली तशी माणसं गेली. मागे राहिली ती बहुतेक म्हातारी, आणि त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं.

ती लोकांना कोळसा धुण्याचा कारखाना दाखवी, नऊ मजल्यांच्या चाळींमधून फिरवी, शाळेचं पटांगण दाखवी. समुद्राखाली बोगदे कुठवर गेले होते ते हात लांब करून सांगे. तेच शब्द, त्याच जागी. कधी कधी बोलता बोलता तिला वाटे, आपण बोलतच नाही आहोत, तोंड आपलं आपण चाललंय.

फक्त एका ठिकाणी तिला सावध व्हावं लागे. सार्वजनिक न्हाणीघरापाशी, जिन्याच्या पायथ्याशी, एक बाक होता. त्या बाकावर इवाओ बसलेला असे. सत्तरीच्या पुढचा, छातीचा भाता झालेला माणूस. प्रत्येक श्वासाला आतून शिट्टी वाजायची. तो दर रविवारी तिथंच येऊन बसे, आणि हात्सुएची संपाची गोष्ट नेमकी त्याच वळणावर यायची.

"कंपनीनं एका फटक्यात शेकडो माणसं काढली," ती सांगू लागे. "आम्ही काम बंद केलं. पूर्ण हिवाळा काढला. मग आपल्यातलेच काही फुटले. त्यांनी वेगळी युनियन काढली आणि पोलिसांच्या आडोशानं खाणीत उतरले."

बाकावरून आवाज येई. हात्सुएला नाही, समोरच्या पाहुण्याला उद्देशून. "त्या बाईंना विचारा हो, फुटले म्हणजे काय? आम्ही मडकी होतो का?"

हात्सुएही त्याच पाहुण्याकडे बघून म्हणे, "त्या गृहस्थांना सांगा, मडकं फुटताना निदान आवाज तरी होतो."

"आणि घराघरांत तांदळाचा दाणा नव्हता, तान्ही पोरं रडत होती, तेही सांगायला सांगा."

"त्यांना म्हणावं, दाणा आमच्याही घरात नव्हता."

पाहुणे हसायचे. त्यांना वाटायचं, नगरपालिकेनं म्हाताऱ्यांचं नाटक बसवून दिलंय. एका बाईनं तर टाळ्या वाजवल्या होत्या. नाटक नव्हतं. हात्सुए आणि इवाओ चाळीसहून जास्त वर्षं एकमेकांशी थेट बोलले नव्हते. इवाओ तिच्या धाकट्या बहिणीचा, मिचियोचा नवरा.

लग्न जमवलं होतं तेही हात्सुएच्याच नवऱ्यानं. गेंझो आणि इवाओ खाली जोडीनं काम करायचे. एकानं खणायचं, दुसऱ्यानं वर लाकडाचे टेकू लावायचे. पाळी संपली की दोघं काळ्या तोंडांनी एकत्र न्हाणीघरात जायचे आणि गोरे होऊन एकत्र जेवायला यायचे. तेव्हा इवाओ तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी. मिचियो नुकतीच बेटावर आली होती. गेंझोनं एक दिवस जेवताना सहज म्हटलं, "ह्याला एक बायको बघायला पाहिजे, नाहीतर हा आयुष्यभर माझाच डबा खाईल." मिचियो लाजून उठून गेली आणि काम झालं.

मग संप आला. गेंझो जुन्या युनियनमध्ये शेवटपर्यंत राहिला. इवाओ नव्यात गेला. नव्या युनियनची माणसं कंपनीच्या बोटीतून मागच्या बाजूनं खाणीच्या आवारात शिरली. जुन्यांनी आवाराला वेढा घातला. आतली माणसं आत, बाहेरची बाहेर. त्यातच वादळ आलं, कंपनीच्या बोटी येईनात, आणि आत खायला काही उरलं नाही.

त्या दिवसांत मिचियो डबा घेऊन फाटकाशी आली होती. फाटकासमोर बायकांची साखळी होती, हातात हात अडकवलेली. हात्सुए पहिल्या रांगेत होती. मिचियो म्हणाली, "ताई, एवढा डबा आत जाऊ दे." हात्सुए समोर बघत राहिली. मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि डबा पडला. भात काळ्या चिखलात सांडला. मिचियोनं रिकामा डबा उचलला, पदर झाडावा तसा किमोनो झाडला आणि निघून गेली.

पुढं संप मोडला. नंतर मिचियोला मुलगी झाली तेव्हा हात्सुएनं लंगोट शिवून पाठवले, ते तसेच घडी न मोडता परत आले. दोन युनियनच्या पाळ्या वेगळ्या, न्हाणीघराच्या वेळा वेगळ्या, पोरांची खेळायची मैदानं वेगळी. मिचियो मध्यम वयातच कॅन्सरनं गेली. हात्सुएनं फुलं पाठवली. तीही परत आली.

हे ती पाहुण्यांना सांगत नसे. ती फक्त संप सांगे.

हिवाळ्याच्या शेवटी नगरपालिकेची कुराओका आली. तिशीतली, सरळ केसांची, नेहमी थोडी धापा टाकणारी मुलगी. ह्या भागातल्या पाच बेटांचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात होतं. तिनं हात्सुएच्या घरी पाय मुडपून बसत सांगितलं, की वसंतापासून रविवारची बोट बंद होणार. पाहुणे खासगी बोटीनं येतील, वाटाड्या नसेल, कानाला लावायचं यंत्र दिलं जाईल.

"आवाज मात्र तुमचाच हवाय, आजी. एकदा बोलून ठेवलंत की झालं. मग तुम्हाला इतकं चालावं लागणार नाही."

हात्सुएला खरं तर बरं वाटलं. "कधी करायचं?"

"मजकूर मी लिहून आणलाय. तुम्ही नुसता वाचायचा."

हात्सुएनं चष्मा लावून कागद वाचले. बोगदे होते, चाळी होत्या, शाळेचं संमेलन होतं, पहिला टीव्ही कुणाकडे आला तेही होतं. चष्मा काढून तिनं विचारलं, "संप कुठाय?"

कुराओकानं बोट ठेवलं. एकच वाक्य होतं. *काही काळ कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात मतभेद झाले, परंतु पुढे ते सामोपचाराने मिटले.*

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. म्हणजे, माझं आधी दीड पान होतं. वरून कापत कापत एवढं राहिलं." ती मान खाली घालून म्हणाली. "दोन्ही बाजूंच्या घरांतले लोक अजून आहेत, आजी. कुणालाच दुखवायचं नाही असं ठरलंय."

"कोण दुखावणार? मी आणि तो बाकावरचा. बाकीचे मेले."

कुराओकानं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. तीही थकलेली दिसत होती. हात्सुएला तिच्यावर चिडावंसं वाटेना.

आवाज घ्यायचं काम जुन्या दवाखान्यात ठेवलं होतं, कारण तिथल्या खिडक्या धड होत्या. तोंड बधिर होईल इतका गार दिवस होता. कुराओकानं यंत्र मांडलं. खोलीच्या कोपऱ्यात, पूर्वी क्ष-किरण काढायला माणसं बसत त्या खुर्चीत, इवाओ बसला होता. त्यालाही बोलावलं होतं, खाणीखालच्या कामाचे चार शब्द सांगायला. त्याच्या श्वासाची शिट्टी यंत्रात येत होती, म्हणून दर वेळी कुराओका त्याला खिडकीपाशी सरकायला सांगत होती आणि तो सरकत होता.

हात्सुएनं सगळं वाचलं. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. त्या वाक्यापाशी आली आणि थांबली.

"आजी?"

"हे मी नाही वाचत."

"नुसतं वाक्य आहे, आजी."

"मग तू वाच."

कुराओका इवाओकडे वळली. "आजोबा, तुम्ही?"

इवाओ बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "सामोपचारानं? माझे तीन दात गेले त्यात. मी नाही वाचत."

आपल्या बाजूनं इवाओ काही बोलला असं चाळीस वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं. हात्सुए त्याच्याकडे बघणार होती, पण बघितलं नाही.

शेवटी वाक्य कुराओकानं स्वतः वाचलं. म्हातारीचा आवाज चालला असताना मध्येच एक तरुण आवाज येतो, एक वाक्य बोलतो आणि जातो, असं ते राहिलं. "ऐकणाऱ्याला वाटेल, यंत्र बिघडलंय," कुराओका तारा गुंडाळत स्वतःशीच म्हणाली. मग दोघांना वाकून नमस्कार करून ती दुपारच्या बोटीसाठी पळाली.

दवाखान्यात दोघंच राहिले. हात्सुए उठायला लागली तर गुडघा आखडला होता. ती परत बसली. इवाओची उबळ थांबेना. तिच्या पिशवीत थर्मास होता, सातूच्या चहाचा. तिनं झाकणात थोडा ओतला आणि मधल्या टेबलावर सरकवला. त्याच्या हातात दिला नाही. त्यानं तो उचलला आणि प्याला.

"वहिनी," तो म्हणाला.

तिनं मान वर केली नाही.

"तुम्हाला एक सांगायचंय. गेंझोनं शपथ घातली होती, म्हणून नाही सांगितलं. पण आता तुम्हीच बघितलंत, वाक्य एक राहिलंय. ह्यात आता कुणाचं नाव खराब व्हायचं राहिलंय?"

"काय ते बोला."

"आम्ही आत कोंडलो होतो तेव्हा. वादळात. आतली माणसं गवत उकडून खात होती. कोळसा धुण्याच्या कारखान्यामागं कुंपण होतं, आठवतं? तिकडं गेंझोचा पहारा असायचा."

"आठवतं."

"दुपारी सभा भरायची. सगळे घोषणा द्यायला पुढं जायचे. तेवढ्यात तो कुंपणाची तार उचलायचा आणि खालून पुडकं सरकवायचा. भाताचे गोळे. रोज. वादळ होतं तितके दिवस." इवाओनं श्वास घेतला. "बोलायचा नाही. एकदाच बोलला. म्हणाला, तुला मारायची इच्छा होते मला, पण उपाशी नाही."

हात्सुएनं थर्मासचं बूच हातात धरलं होतं. ते तिनं लावलं, परत काढलं.

"माझ्या हातचे गोळे."

"तुमच्याच. भाजलेले तीळ लावलेले. बेटावर दुसरं कोण लावायचं?"

त्या दिवसांत गेंझोनं डबा वाढवून मागितला होता. पहाऱ्यावर गार वारा असतो, भूक जास्त लागते, असं म्हणाला होता. युनियनकडून मोजका तांदूळ मिळायचा. तो पुरा त्याच्या डब्यात जावा म्हणून ती स्वतः रताळी उकडून खायची. रताळ्यानं तिचं पोट सतत दुखायचं, आणि तशा दुखत्या पोटानंच ती फाटकासमोर उभी राहायची. मिचियो डबा घेऊन आली त्या दिवशीही.

"त्यानं मला का नाही सांगितलं?"

"म्हणाला, हात्सुएला कळलं तर तिला रांगेत उभं राहता येणार नाही. तिला खोटं उभं राहता येत नाही."

"आणि नंतर? संप संपल्यावर? एवढी वर्षं?"

इवाओनं खांदे पाडले. "ते मला नाही माहीत. नंतर तो माझ्याशीही कधी बोलला नाही. मला वाटतं, त्यालाही लाज वाटत असेल. तुमच्या युनियनच्या लोकांपुढं."

"मिचियोला माहीत होतं?"

"शेवटी सांगितलं. हॉस्पिटलात. हसली ती. म्हणाली, ताईचा भात नेहमी खारट. तुम्ही नक्की जास्त पाणी प्यायला असाल."

हात्सुए उभी राहिली. "मग मला बोलावलं का नाही तिनं?"

"मी म्हटलं होतं, बोलावतो. नको म्हणाली. म्हणाली, ताईला कळलं तर ती गेंझो भाऊजींवर रागावेल, आणि म्हातारपणी त्यांना घरात दुसरं कोण आहे?"

"मग मी पाठवलेली फुलं?"

"ती मी परत केली," इवाओ म्हणाला. "मला राग होता. मिचियोला नव्हता."

हात्सुएनं थर्मास पिशवीत टाकला आणि बाहेर पडली. चाळीचा जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं. घरी देव्हाऱ्यात गेंझोचा फोटो होता, खाणीच्या टोपीतला, जरासा रागीट. रोज संध्याकाळी ती त्याच्यापुढे वाटीभर भात ठेवायची. त्या संध्याकाळी ठेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"बस उपाशी," ती फोटोला म्हणाली. "एवढी वर्षं बहीण समोरच्या चाळीत राहत होती. तिच्या गॅलरीतले कपडे दिसायचे मला. पाऊस आला की वाटायचं, हाक मारून सांगावं. तुझ्यासाठी नाही मारली. आणि तू तिच्या नवऱ्याला जेवू घालून मोकळा."

फोटो काय बोलणार. ती रडली नाही. नुसती अंगातून सगळी ताकद कुणी काढून नेल्यासारखी दोन-तीन दिवस अंथरुणात पडून राहिली. शेजारची बहिरी म्हातारी सूप ठेवून गेली, ते ती गार झाल्यावर प्याली. राग गेंझोवर होता, मग इवाओवर, मग मिचियोवर, की मरतानाही तू शहाणीच राहिलीस. फिरून फिरून तो राग कुठंच टिकेना. माणसाला रागवायलाही बळ लागतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं भात लावला. फोटोपुढे वाटी ठेवली. मग जिना उतरली आणि बाकापाशी गेली. रविवार नव्हता, तरी इवाओ बसलेला होता.

"मिचियोची राख कुठल्या देवळात आहे?" तिनं थेट विचारलं.

"पलीकडे. बंदराच्या वरच्या देवळात. मुलीनं तिथं जागा घेतली."

"मला घेऊन चला."

"मला पायऱ्या नाही चढवत, वहिनी."

"बंदरापर्यंत तर याल."

दोघं पुढच्या बोटीनं गेले. बोटीत एका बाकावर बसले, मध्ये हात्सुएची पिशवी. पलीकडच्या बंदरावर मासळीबाजार उठून गेला होता, फरशा धुतल्या जात होत्या. देऊळ खरंच उंचावर होतं. इवाओ पहिल्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आत गेल्यावर डाव्या हाताला. वरून दुसरा कप्पा."

हात्सुए कठडा धरून चढली. आत थंड होतं. भिंतभर लहान लहान लाकडी दारं होती, पेढीतल्या कप्प्यांसारखी. तिनं मिचियोचं दार शोधून उघडलं. आत पांढरा कलश, एक छोटा फोटो, आणि मुलीनं ठेवलेली कागदाची फुलं. फोटोतली मिचियो म्हातारी नव्हती. हात्सुएच्या मनात ती कधीच म्हातारी झाली नव्हती, पण आता दोघींना शेजारी शेजारी उभं केलं तर ती तिची मुलगी वाटली असती.

वाटेत काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. समोर आल्यावर काही आठवेना. तिनं रुमालानं कलशावरची धूळ पुसली. उदबत्ती लावली.

"मी आले," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "वसंतापासून रविवारची बोट बंद होणार आहे. बाकीच्याही कधी बंद होतील, म्हणून आत्ताच आले."  ती उदबत्ती जळून संपेपर्यंत उभी राहिली आणि दार लावून खाली आली.

इवाओ तिथंच होता, भिंतीला टेकलेला. "काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"काय म्हणणार? ऐकून घेतलं."

बोटीला वेळ होता. धक्क्यासमोरच्या दुकानात त्यांनी गरम चांपोन नूडल्सचे दोन वाडगे मागवले. इवाओला वाफेनं बरं वाटलं, श्वास जरा मोकळा झाला. त्यानं सांगितलं, की त्याची मुलगी त्याला शहरात नेतेय. तिच्या घराजवळ फुप्फुसांचं हॉस्पिटल आहे, पुढच्या महिन्यात तिथं दाखल करणार आहेत. परत येणं होईल असं वाटत नाही.

"बरंय," हात्सुए म्हणाली. "इथं तुम्हाला बघणारं कोण आहे?"

"तुम्ही?"

"मी इथंच. मला कुठं जायचंय?"

ती वाडग्यातल्या कोबीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, खाली गेल्यावर तो कसा होता? गेंझो. घरी तर तोंडातून शब्द काढायचा नाही."

इवाओला खोकला आला नाही. तो बोलू लागला. खाली गेंझो फार बोलायचा, म्हणाला. गाणी म्हणायचा, बेसूर. टेकूचं लाकूड कुरकुरलं की त्याला शिव्या द्यायचा, माणसाला द्याव्यात तशा. उंदरांना भात घालायचा. एकदा छप्पर खाली आलं तेव्हा त्यानं इवाओची मानगूट धरून त्याला मागं ओढलं आणि वर पुन्हा कानाखाली वाजवली, की लक्ष कुठं होतं.

हात्सुए ऐकत होती. मध्ये एकदा हसली. मग तिचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, "पुरे आता. बाकीचं राहू दे."

 इवाओनं तिच्या पेल्यात चहा ओतला.

बोट आली. परतीच्या वाटेवर समुद्र शांत होता आणि काचेतून ऊन येत होतं. हात्सुएला बसल्या बसल्या झोप लागली. तोंड थोडं उघडं, हात पिशवीच्या बंदात अडकलेला. तोबिसेच्या धक्क्यावर नावाड्यानं दोर फेकला, बोट खांबाला लागून हलली, तरी तिची झोप मोडली नाही. इवाओनं नावाड्याला हातानंच जरा थांबायची खूण केली.